नऊ नंबरची सुरुवात

इंग्रजीच्या निबंधाला गुण सुरुवातीवर पडतात, बाकी सगळी भरती, असं बाईंचं मत होतं. मत कसलं, धर्मच होता. पंचवीस वर्षं त्या शालान्त परीक्षेच्या मुलांना हेच सांगत आल्या. "परीक्षक हाडामांसाचा माणूस आहे, पोरांनो. त्याला दिवसाला पन्नास पेपर उरकायचेत, पाय सुजलेत, चहा गार झालाय. पहिल्या तीन ओळींत त्याला पकडलंत तर पकडलंत. नाहीतर पुढं मोती उधळा, तो झोपलेला असणार." मुलं हसायची आणि मुकाट पहिल्या तीन ओळी पाठ करायची. शाळेत सगळे बाईंना सुरुवातबाई म्हणत. तोंडावर नव्हे, पण त्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.

बोले तैसा चाले म्हणतात ना, बाई तशाच. स्वतः परीक्षक म्हणून बसल्या की त्याही तीन ओळी वाचायच्या, शितावरून भाताची परीक्षा करायच्या आणि गुण ठोकून मोकळ्या व्हायच्या. एक निबंध, चाळीस सेकंद. तपासणीच्या हॉलमध्ये त्यांच्याइतका वेग कुणाचा नव्हता आणि त्याचा त्यांना अभिमान होता, हे लपवण्यात अर्थ नाही.

त्यांनी एक छोटं पुस्तकही लिहिलं होतं. चाळीस पानांचं, पिना मारलेलं, 'निबंधाच्या पहिल्या तीन ओळी' नावाचं. त्यात चौदा तयार सुरुवाती होत्या, कुठल्याही विषयाला जोडता येतील अशा. मुलांमध्ये सगळ्यात चालायची ती नऊ नंबरची. तिचं इंग्रजी सोपं होतं आणि मराठीत सांगायचं तर ती अशी: 'माझी धाकटी बहीण एका दुपारी पिवळा फ्रॉक घालून बाहेर गेली आणि परत आली नाही. दार रात्रभर उघडं होतं. त्या दिवसापासून मला टिंबटिंबचं महत्त्व कळलं.' टिंबांच्या जागी पेपरात आलेला विषय घालायचा. वेळेचं, झाडांचं, शिस्तीचं, वर्तमानपत्राचं, काहीही. एका महाभागानं प्लॅस्टिकबंदीचं महत्त्व घातलं, तेव्हा शिक्षकांच्या खोलीत हसून हसून सगळ्यांची पोटं दुखली. बाईही हसल्या. हसणं त्यांना जमायला लागलं होतं.

बहीण खरी होती, हे त्या खोलीत कुणाला ठाऊक नव्हतं. आठ वर्षांची होती. बाई तेव्हा सोळा वर्षांच्या, परीक्षेला बसलेल्या. एका दुपारी आईवडील बाहेर गेलेले असताना धाकटी घराबाहेर गेली ती गेलीच. विहिरी उपसल्या, स्टेशनं पालथी घातली, पोलिसांनी फोटो नेला तो परतही दिला नाही. तेहतीस वर्षं झाली. वडील त्यातच खचून वारले. आई आहे, अठ्ठ्याहत्तरची, बाईंबरोबरच राहते. त्या दिवशी सकाळी धाकटीनं मोठीच्या वहीवर शाई सांडली म्हणून आईनं तिच्या पाठीत एक धपाटा घातला होता. "मी मारलं म्हणून रुसून गेली," हे आईचं वाक्य घरात भांड्याकुंड्यांसारखं कायम असायचं. परीक्षेचे दिवस आले की जरा जास्तच. बाई म्हणायच्या, "तसं नसेल गं, आई." यापलीकडे त्या कधी काही बोलल्या नाहीत.

पुस्तक छापायला जाताना छापणाऱ्याला चौदा सुरुवाती हव्या होत्या आणि बाईंच्या तेरा झाल्या होत्या. चौदावी हातातून आपोआप उतरली. नंतर क्रम लावताना ती नऊ नंबरला गेली, एवढंच.

या वर्षी तपासणीच्या हॉलमध्ये नवा नियम आला. गेल्या खेपेला कुणीतरी फेरतपासणी मागितली आणि तिसरं पान परीक्षकानं उघडलंच नव्हतं हे निघालं. बोभाटा झाला. म्हणून आता प्रत्येक पानाच्या तळाशी लाल खूण करायची, पान उलटल्याचा पुरावा म्हणून. मुख्य परीक्षकांनी हे उभं राहून वाचून दाखवलं. हे गृहस्थ अर्ध्या गुणावरून तास तास वाद घालत, म्हणून त्यांना सगळे अर्धागुण म्हणत. वाचताना त्यांनी नजर बाईंवरच ठेवली होती. बाईंनी टोपण काढून पेन टेबलावर आपटलं. "आता हे एक. म्हणजे रोजचे तीस पेपरसुद्धा व्हायचे नाहीत."

हॉल म्हणजे एका शाळेची व्यायामशाळा. भिंतीला चढायच्या शिड्या, छताला लटकवलेले दोर वर गुंडाळून ठेवलेले आणि खाली लांब टेबलांच्या सात रांगा. बाईंच्या पुढ्यात सुतळीनं बांधलेला गठ्ठा आला. वरच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, सदतीस. विषय होता वाचनाचं महत्त्व. बाईंनी सुतळी सोडली.

पहिलाच पेपर नऊ नंबरचा. पिवळा फ्रॉक, उघडं दार, त्या दिवसापासून मला वाचनाचं महत्त्व कळलं. बाईंनी सवयीनं साडेसात मनात धरले, पान उलटलं आणि तळाशी खूण करायला पेन टेकवलं. तिथं एक वाक्य होतं. 'दार उघडं नव्हतं. मी आतून कडी लावली होती.'

बाईंची खूण वाकडी गेली.

पुस्तकात कडी नव्हती. पुस्तकात दार उघडं होतं, पोलिसांच्या जबाबात उघडं होतं, आईला सांगितलं तेव्हा उघडं होतं. कडीची गोष्ट जगात एकाच माणसाला माहीत होती आणि ते माणूस आत्ता व्यायामशाळेत बसलं होतं. पण बाई मुलांना ओळखून होत्या. पोरांच्या डोक्यात काय वाट्टेल ते येतं. एखाद्यानं दार बंद केलं असेल, त्यात काय. त्यांनी साडेसात लिहिले आणि दुसरा पेपर ओढला.

दुसराही नऊ नंबरचा. अक्षर वेगळं, डावीकडे कललेलं, शब्दाशब्दांत बोटभर अंतर. बाईंनी या वेळी सुरुवात वाचलीच नाही, सरळ पान उलटलं. 'मी उद्याच्या निबंधाची सुरुवात मोठ्यानं पाठ करत होते. ती माझ्यामागून पोपटासारखी तेच म्हणायची. मला राग आला. मी तिला दंडाला धरून बाहेर काढलं.'

तिसरा. 'ती दार ठोठावायला लागली. मी आतून म्हणाले, तू सगळं न चुकता म्हणून दाखव, मग उघडते.'

बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. हात थांबेना मात्र. पंचवीस वर्षांची सवय, पेन खुणा करत राहिलं. चौथ्या पेपरातल्या मुलानं किंवा मुलीनं इंग्रजी शब्दांचे हाल केले होते, दर ओळीत दोन चुका, पण मजकूर स्वच्छ कळत होता. 'तिनं पहिल्यांदा एक शब्द गाळला. मी आतून ओरडले, चूक. तिनं पुन्हा सुरुवात केली.' पाचव्यात मधली सुट्टी झाल्यासारखा वाचनाचा विषय होता, ग्रंथालय, ज्ञान, वगैरे. बाईंना इतकं बरं वाटलं की त्यांनी त्या रटाळ परिच्छेदाला आठ गुण दिले. सहाव्यात पुन्हा दार होतं.

कॉपी म्हणावी तर चुका सारख्या नव्हत्या. कुणाची शाई निळी, कुणाची काळी, कुणी समास सोडलेला, कुणी पान काठोकाठ भरलेलं. शिवाय कॉपी करणारी पोरं एकच गोष्ट लिहितात. इथं एकानं जिथं सोडलं तिथून दुसऱ्यानं उचललं होतं.

बाई पेपर हातात घेऊन अर्धागुणांच्या टेबलापाशी गेल्या. "सर, हे जरा बघा."

त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला, वाचलं आणि पेपर परत दिला. "बरं मग?"

"बरं मग काय? पोरं हे काय लिहितायत?"

"सुरुवात तुमचीच आहे की."

"सुरुवात माझी. पुढचं?"

अर्धागुणांनी बाईंकडे जरा चमत्कारिक नजरेनं पाहिलं. "पुढचं दरवर्षीचंच आहे, बाई. तुमची नऊ नंबर लिहिणाऱ्या पोरांचं पुढं असंच असतं. कडी, ती पोपटपंची, तो चूक-बरोबरचा खेळ. आम्हाला वाटलं, तुम्हीच शिकवता."

"दरवर्षी?"

"पुस्तक आलं तेव्हापासून. सहा वर्षं झाली ना? आम्ही आपापसात बोलतोही. सुरुवातबाईंची गोष्ट भारी आहे म्हणून." मग त्यांच्या लक्षात आलं, की टोपणनाव तोंडावर गेलं, आणि ते खाकरले. "तुम्ही वाचलं नव्हतं?"

दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. सहा वर्षं, हजारो पेपर. मुलं लिहीत होती आणि आपण पहिल्या तीन ओळींवर गुण देऊन पान मिटत होतो. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी वाचलं होतं, खिडकीजवळच्या तरुण शिक्षकानं वाचलं होतं, चहाच्या वेळी समोर बसून बिस्किटं पुढं करणाऱ्या प्रत्येकानं वाचलं होतं.

"शेवट काय असतो?" बाईंनी विचारलं.

"शेवट कुणीच लिहीत नाही. दाराबाहेरची ती पोरगी सगळं बरोबर म्हणते, इथपर्यंत येतात आणि सोडतात. वेळ संपत असेल." अर्धागुणांनी हात झटकले. "विषयाला सोडून आहे, म्हणून मी अर्धा गुण कापतो. तुम्हीही कापा."

बाई जागेवर आल्या. भीती तर वाटतच होती, मानेवर कुणाचातरी श्वास लागावा तशी. पण भीतीच्या तळाशी दुसरं काहीतरी होतं आणि ते बाईंना जास्त सोसवेना. त्यांना पुढचं वाचायचं होतं. शेवट कुणीच लिहीत नाही, कारण शेवट बाईंनाही माहीत नव्हता. धाकटीनं सगळं म्हणून दाखवलं होतं. मग शांत झालं होतं. बाईंनी आणखी पाऊण तास अभ्यास केला होता आणि कडी काढली तेव्हा बाहेर कुणी नव्हतं. धाकटी कुठं गेली, कुणाबरोबर गेली, हे कुठल्यातरी पोरानं लिहिलेलं असेल, अशी एक वेडी आशा त्यांच्या पोटात उभी राहिली.

त्या दिवशी प्रथमच बाईंनी प्रत्येक शब्द वाचला. जेवायच्या सुट्टीत हॉल रिकामा झाला, तरी त्या उठल्या नाहीत. विसाव्या पेपरात ती पाठ करायची सुरुवात अख्खी होती, तेव्हाच्या पुस्तकातली, सकाळच्या फेरफटक्यावरची. 'मॉर्निंग इज द बेस्ट पार्ट ऑफ द डे. द एअर इज फ्रेश अँड द रोड इज क्वाएट. आय गो आउट अलोन अँड आय कम बॅक हॅपी.' सत्ताविसाव्यात धाकटीनं ती तिसऱ्यांदा म्हटली होती. तेहतिसाव्यात होतं: 'एकही चूक नव्हती. मी उघडायला हवं होतं. पण तिला आठव्या वर्षी आलं आणि मला अजून येत नव्हतं, म्हणून मी उघडलं नाही.'

हे कारण बाईंनी स्वतःलाही कधी सांगितलं नव्हतं. वाचलं आणि ते खरं होतं, हे त्यांना त्याच क्षणी कळलं. त्यांना स्वतःची किळस आली. त्यांनी पेन खाली ठेवून दोन्ही हात मांडीवर दाबून धरले.

सदतिसावा पेपर तिथंच संपला, सगळं बरोबर म्हटल्यावर बाहेर शांत झालं तिथं. त्याच्याखाली अजून एक होता.

बाईंनी चिठ्ठी पुन्हा पाहिली. सदतीस. गुणांच्या तक्त्यात ओळी सदतीस. अडतिसाव्या पेपराच्या कव्हरवर क्रमांकाची पट्टीच नव्हती. अक्षर मोठं, गोल, चार रेघांच्या वहीत गिरवल्यासारखं. सोळा वर्षांची मुलं असं लिहीत नाहीत.

'माझी मोठी बहीण एका दुपारी अभ्यासाला आत गेली आणि बाहेर आली नाही. दार बंद होतं. त्या दिवसापासून मला' आणि त्यापुढं रिकामी जागा. टिंबंसुद्धा नव्हती. विषय घातला नव्हता. खाली पान कोरं, पुढचं कोरं, त्यापुढचंही.

बाईंनी त्या ओळी चुका शोधत वाचल्या. ही सवय मेल्यावरच जाणार. स्पेलिंग पाहिलं, स्वल्पविराम पाहिला, क्रियापदं पाहिली. मग प्रत्येक कोऱ्या पानाच्या तळाशी लाल खूण केली आणि कव्हरवरच्या वर्तुळात दहापैकी दहा लिहिले. आयुष्यात कुणाला दिले नव्हते. तक्त्यात ते भरायला ओळ नव्हती. त्यांनी सुतळी बांधली, गठ्ठा अर्धागुणांच्या टेबलावर ठेवला आणि "उद्याचं माझं नाव काढा," एवढं सांगून त्या निघाल्या.

घरी पोचल्या तेव्हा ऊन अजून गच्चीच्या कठड्यावर होतं. आई खिडकीपाशी बसून बाईंच्या ब्लाउजला हूक लावत होती. सुई ओवायला तिला दिसत नाही, म्हणून सकाळीच बाईंनी चार सुया ओवून ठेवल्या होत्या.

"लवकर आलीस, मोठे. बरं नाही का?"

"बरी आहे."

"परीक्षा आली की मलाच बरं वाटत नाही बघ," आई म्हणाली. "त्या दिवशी मी हात उगारला नसता तर..."

"आई, थांब. तसं झालं नाही."

बाई चपला न काढता समोर जमिनीवर बसल्या आणि त्यांनी सांगितलं. सुरुवात चांगली करायचा प्रयत्न केला नाही. कडी, दंडाला धरून बाहेर काढणं, ठोठावणं, म्हणून दाखव मग उघडते, सगळं जसं आठवेल तसं उलटसुलट सांगत गेल्या. पेपरांचं काही बोलल्या नाहीत. आईची सुई कापडात अर्धी घुसून तशीच राहिली.

"कडी तू लावलीस?"

"हो."

"आणि ती बाहेरून ठोठावत होती."

"हो."

आईनं खिडकीबाहेर पाहिलं. मग म्हणाली, "म्हणजे तिला घरात यायचं होतं."

बाईंनी मान हलवली.

"माझ्यावर रुसून नव्हती गेली ती," आई म्हणाली आणि तिच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते बघून बाईंना मान वर ठेवता आली नाही. तो आनंद होता. म्हातारी ओठ दाबून, गाल ओले करत, लहान मुलीसारखी हसत होती. बाईंनी तिचा हात धरायला हात पुढं केला. आईनं आपला हात काढून घेतला, रागानं नव्हे, पण काढून घेतला.

"तेहतीस वर्षं, मोठे," ती म्हणाली. "एका वाक्याचं काम होतं."

"हो."

खाली रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. आईनं डोळे पुसले, कापड घडी करून बाजूला ठेवलं.

"काय म्हणून दाखव म्हणाली होतीस तिला?"

"इंग्रजी होतं, आई. माझ्या निबंधाची सुरुवात."

"आलं होतं तिला?"

"सगळं."

"चुकली नाही?"

"नाही. एकही चूक नव्हती."

आईनं मान डोलावली. त्या डोलावण्यात कौतुक होतं. "म्हण," आई म्हणाली. "ती म्हणाली तसं म्हणून दाखव मला."

बाईंना वाटलं, आवाज फुटणार नाही. पण फुटला, आणि तो त्यांचा नव्हता. बारीक होता, घाईतला, श्वास न घेता पुढं पळणारा, शेवटच्या शब्दावर उंच जाणारा. मॉर्निंग इज द बेस्ट पार्ट ऑफ द डे. द एअर इज फ्रेश अँड द रोड इज क्वाएट. बाईंनी तोंडावर हात दाबला, तरी तिसरं वाक्य हाताच्या मागून पूर्ण झालं.

आईला इंग्रजीचा गंध नव्हता, पण म्हणणं संपलं हे तिला कळलं. ती खुर्चीचे हात धरून उठली, भिंतीला हात लावत दारापर्यंत गेली, कडी काढली आणि तिनं दार सताड उघडलं.

"ये," ती म्हणाली. "बरोबर आलं हो तुला."